हजार गाई, एक चंद्रकोर

एका राज्यात शाल्मली नावाची मुलगी बारा वर्षे दूरदेशी शिकून परतली. वेशीपाशीच हजार गाईंचे हंबरणे कानी पडेल, असे तिला वाटले होते. सामोरी आली ती नुसती शांतता. राजगोठ्यात अकराच गाई उरल्या होत्या. अकराही तापाने एकाच कुशीवर पडलेल्या, अकरांच्याही कपाळी तंतोतंत तीच चंद्रकोर.

"एकीला ताप आला आणि सगळ्या बसल्या," तिचे वडील, राजाचे गोठाधिकारी भिल्लम म्हणाले. "तू शिकून आलीस. सांग, असं कसं झालं?"

उत्तर समोरच पडले होते. राजाने मांत्रिकाकडून वर मागितला होता, की प्रत्येक वासरू सर्वांत दुधाळ गाईसारखेच निपजावे. तिच्यासारखी नसलेली बाकीची जनावरे घाटापलीकडे हाकलली गेली. हाकलली भिल्लमांनीच.

आढ्यावरची साळुंकी बोलली, "तीन कामे. सात दऱ्या ओलांड. चंद्रकोर नसलेले जनावर आण. आणि हवे ते कुणी आयते देऊ लागला, तर घेऊ नकोस."

सातव्या दरीत एक कबरा खोंड भेटला. बुटका, तुटक्या शिंगाचा. पण तोच ताप अंगावर काढून ठणठणीत उभा. शाल्मलीने त्याला दरबारात आणले.

"याच्या लेकी दूध किती देतील?" राजाने विचारले.

"तांब्याभर, महाराज."

"तांब्याभर? आमचं मांजर याहून जास्त पितं!" दरबार हसला.

मांत्रिक पुढे सरसावला. "एक मंत्र, आणि अकराही गाई या खोंडासारख्या काटक होतील. केसाचाही फरक राहणार नाही."

"हो म्हण, बाळ," भिल्लमांनी लेकीपुढे हात जोडले. "माझी लाडकी ढवळी गाय वाचेल."

पुन्हा सगळ्या एकसारख्या! पुढचा रोग कबऱ्यालाच मारणारा निघाला तर? शाल्मलीने सकाळपर्यंत मुदत मागितली. तेवढ्यात पाच गाई गेल्या. ढवळीही.

सकाळी ती म्हणाली, "महाराज, मंत्र नको. सगळ्या एकसारख्या होत्या, म्हणूनच एका तापाने सगळ्या पडल्या. पहिला वरही परत करा."

राजाने मान खाली घातली आणि वर परत केला. सहा गाईंच्या चंद्रकोरी हलल्या. एक तिरकी झाली, एक फिकटली, एक पुसली गेली. दोघी धडपडत उठल्या. चौघी उठल्या नाहीत.

शाल्मलीने कबऱ्याला त्या दोघींत सोडले. एकटा तो पुरणार नव्हता. वडिलांच्या हयातीत दुधाच्या चरव्या पुन्हा भरणार नव्हत्या. तिने काठी उचलली.

भिल्लम तिच्याकडे न पाहता म्हणाले, "बाकीची जनावरं कुठल्या घाटाने हाकलली, ते मला ठाऊक आहे."

"मग चला, बाबा," ती म्हणाली.