लेकराच्या डोक्यावरचा हात

एका गावात, एका सोमवारी सकाळी बरोबर सव्वासात वाजता, पाटलीणबाईंच्या तान्ह्या नातवाच्या कमरेची चांदीची साखळी सापडेना.

त्या वेळी घरात पाटलीणबाईंखेरीज चारच बायका होत्या. बाळाची आई, म्हणजे थोरली सून. धाकटी सून. पाणी भरणारी. आणि बाळांना न्हाऊ घालणारी एक तरुण बाई. तिला सगळे योनाची आई म्हणत, कारण दीड वर्षाचा योना कायम तिच्या कडेवर असायचा. ती प्रभू येशूला मानणारी होती. गावात तसं तिचं एकच घर.

त्या गावात चोरी झाली की एक रीत होती. आईनं आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. खोटी शपथ घेतली तर लेकरू जातं, असं सगळे मानत.

पाटलीणबाई ओसरीवर बसल्या. थोरलीनं शपथ घेतली. धाकटीनंही आपल्या दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला अन् पटकन काढून घेतला. पाणी भरणारी म्हणाली, "माझं पोरगं अजून झोपलंय, उठवून आणू?"

"आण," पाटलीणबाई म्हणाल्या. तेही झालं.

मग योनाच्या आईची पाळी आली. ती म्हणाली, "मी साखळी घेतली नाही. पण शपथ घेणार नाही."

"का गं?"

"आमच्या प्रभूनं शपथ वाहायला मनाई केलीय. नाही म्हणजे नाही, एवढंच बोलायचं."

"बरी पळवाट सापडली हिला," पाणी भरणारी हळूच म्हणाली.

"प्रभू तुझा, पण साखळी आमची आहे," पाटलीणबाई म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नकोस."

झालं. गावातल्या पाच घरी ती बाळं न्हाऊ घालायची, दोन दिवसांत ती पाचही घरची कामं सुटली. ती रस्त्यानं निघाली की बाया आपली लेकरं पदराआड घ्यायच्या. ज्या लेकरांना तिनंच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, तीच लेकरं.

घरी सासूनंही ऐकवलं. "नुसता हात ठेवला असतास तर झिजला असता का? तू खरं तेच बोलणार होतीस. अन् चुकलं असतं तरी प्रभू क्षमा करतोच की."

"क्षमा करतो म्हणून जाणूनबुजून चुकू का, आत्याबाई?"

बोलली खरी, पण घर चालवायचं कसं? नवरा परगावी कामाला. डब्यातलं पीठ तळाला लागलेलं. भाकरी थापता थापता ती विचारायची, "प्रभू, मी बरोबर केलं ना?" आणि पुढची भाकरी थापायला घ्यायची.

आठव्या दिवशी योना नुसत्या पेजेवर राहिला. तेव्हा तिचा धीर सुटला. त्याला कडेवर घेऊन ती शपथ घ्यायला पाटलांच्या दारापर्यंत गेली. तिथं योनानं मान तिच्या खांद्यावर टाकली. घामानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते. तिनं ते मागं सारले आणि तिच्या मनात आलं, हे डोकं देवानं दिलंय. ते गहाण टाकून मी माझा खरेपणा विकत घेऊ का?

ती तिथूनच परत फिरली. त्या दिवशी ती रडली, पण झोप मात्र शांत लागली.

दोन दिवसांनी भर दुपारी परसदारी कोणी तरी हाक मारली. धाकटी सून होती. कडेवर अंग गरम झालेला, किरकिरणारा मुलगा, मुठीत साखळी.

"याला वाचव," ती म्हणाली. "थोरलीच्या पोराला साखळी केली, माझ्या पोराला काहीच नाही, म्हणून मी घेतली. वर याच्या डोक्यावर हात ठेवला. आता हा जाणार."

योनाच्या आईची सासू लगेच उठली. "थांब, गाव गोळा करते."

"आत्याबाई, आधी पाणी आणा," योनाची आई म्हणाली. तिनं मुलाला मांडीवर घेतलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, मग त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. "शपथेनं नाही गं ताप आला याला. दाढा येताहेत. बघ, हिरड्या कशा सुजल्यात."

धाकटीनं वाकून हिरड्या पाहिल्या. "मग मी भिऊ नको?"

"लेकरासाठी भिऊ नकोस. देव काही मोठ्यांच्या खोट्यापायी लेकरं मारत बसत नाही. पण तू खोटं बोललीस, त्याचं तुझं तू बघ."

"तू सांगशील का?"

"मी होऊन सांगणार नाही. ते तू सांगायचं. पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

ताप उतरला. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. योनाची आई घरातच बसून होती. चौथ्या दिवशी धाकटीनं ओसरीवर सगळ्यांसमोर साखळी ठेवली आणि सगळं सांगितलं.

"खोटी शपथ घेतलीस, मग पोराला काही झालं कसं नाही?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"त्याला दाढा आल्या," धाकटी म्हणाली.

त्या दिवशी पाटलीणबाई स्वतः योनाच्या आईच्या दारात आल्या. "उद्यापासून ये," म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुला कळलं होतं, तरी चार दिवस गप्प का बसलीस?"

"मला कुणी विचारलंच नाही, बाई."

पाटलीणबाईंची मान खाली गेली. पुढं गावात कशाची तरी पुन्हा चोरी झाली. शपथेची पाळी आली, तेव्हा पहिल्यांदा थोरली सूनच उठली आणि म्हणाली, "मी घेतलं नाही. आणि माझ्या लेकराच्या डोक्यावर मी हात ठेवणार नाही." तिच्या मागून बाकीच्या आयाही तसंच म्हणाल्या.

तात्पर्य: सगळे करतात म्हणून आपण करायचं नाही. प्रभूचं ऐकून दुःख सोसावं लागलं तरी सोसावं, त्यातून आपल्याबरोबर दुसऱ्यांचीही सुटका होते.

तुमच्या ओळखीत कुणी आई बोलता बोलता "लेकराची शपथ" म्हणत असेल, तर तिला ही गोष्ट नक्की सांगा, आणि तिलाही पुढं सांगायला सांगा.