आडवी सावली

फार जुनी गोष्ट. गोल्फच्या मैदानावर काठ्याच आपापसांत खेळायच्या. त्यांत एक उंच काठी होती. खळग्याजवळच्या हिरवळीवर दुसरी कुणी चेंडू मारायला वाकली, की ही मुद्दाम चेंडूच्या वाटेवर आपली सावली पाडायची. तिला मोठी गंमत वाटायची.

"काठीबाई, सावली आवरा. इथली रीत आहे ती," खळग्यातलं निशाण म्हणालं.

"सावलीला काय वजन असतं?" काठी हसली.

"नसतं ना? मग राहू दे माझ्याकडेच," खालून गवत हळूच म्हणालं.

काठी हसतच बाजूला झाली.

थोड्या वेळाने तिची पाळी आली. चेंडूच्या वाटेवर एक लांब सावली आडवी पडली होती.

"कुणाची ही? व्हा बाजूला!"

सगळ्यांनी खाली पाहिलं. ज्याची त्याची सावली ज्याच्या त्याच्या पायाशी होती. काठीच्या पायाशी मात्र नुसतं ऊन होतं.