दाटीचा प्रांत

माणसांनी डोंगरांना नावं दिली त्याच्याही आधी एका उंच कड्यावर मधमाश्यांचा देश होता. एकेक पोळं म्हणजे एकेक प्रांत. त्यातला झुंबरगड सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात दाटीचा. माशीला माशी खेटलेली, पण मध इतका, की पोळं भारानं ओथंबलेलं.

एकदा बांबूत एकटा राहणारा भुंगा तिथे आला आणि हसला. "एवढी श्रीमंती, आणि पाय पसरायला जागा नाही?"

ते माश्यांच्या जिव्हारी लागलं. त्याच दुपारी त्या एकमेकींपासून पंखभर लांब सरकल्या. मधून वारा खेळू लागला, तशा सगळ्या खूश झाल्या.

संध्याकाळी गांधीलमाशी आली. झुंबरगडची रीत अशी, की शत्रू दिसला की एकीनं शेपूट उचलायचं, तिचा धक्का लागला की शेजारणीनं, मग तिच्या शेजारणीनं. पोळ्यावरून लाट पळायची आणि शत्रूला घेरी यायची. आज पहिलीनं शेपूट उचललं, पण धक्का कुणाला लागलाच नाही. गांधीलमाशीनं तिला उचलून नेलं.

"अगं, जवळ या! खेटा एकमेकींना!" म्हातारी केतकी माशी ओरडली.

गांधीलमाशी परत आली तेव्हा लाट अशी उसळली, की ती भेलकांडत दरीत गेली.

दुसऱ्या दिवशी भुंग्यानं पोळ्यावर बसत विचारलं, "काय, झाली का जागा?"

"झाली होती, भुंगेराव," केतकी म्हणाली. "तिथे सगळ्यात आधी गांधीलमाशीच शिरली. आता जरा बाजूला व्हा. तुम्ही बसलाय तिथून आमची लाट जाते."