व्हर्नाबाईंची हाक

"पण बाई, माझं असं चुकलं तरी काय?"

क्लेटन पायरीवरच उभा होता. वर ये, असं त्याला अजून कोणी म्हटलं नव्हतं.

ओसरीवर ल्युसिंडाबाई चवळीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वय झालेलं, नजर अधू. पण बोटांना शेंग बरोबर कळायची.

अमेरिकेच्या दक्षिणेकडचं नदीकाठचं गाव ते. तिथल्या काळ्या माणसांच्या वस्तीत बाईंचं पुस्तक घरोघरी होतं. पोलिसांनी बाईंच्या भावाला ठार मारलं, त्याची ती हकिगत. क्लेटनने त्या पुस्तकाची पारायणं केली होती. ते वाचूनच तो बातमीदार झाला. लोक म्हणायचे, पोराच्या लिहिण्याला बाईंचं वळण आहे. आणि त्याला ते ऐकायला फार गोड वाटायचं.

"चुकलं असं कोण म्हणतं?"

"व्हर्नाबाई."

बाईंचे हात थांबले.

व्हर्नाबाईंचा जोएल. पोलिसांनी त्याला आईच्या दारासमोरच गाडीतून ओढून काढलं, पालथा पाडला, पाठीवर बसले... तो पुन्हा उठला नाही. क्लेटनची बातमी पहिल्या पानावर आली. देशभर गाजली.

"भेटलास तिला?"

"दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, पेपरातली ती बाई मी नव्हे."

"वाच बघू."

बाईंनी परातीतले थोडे दाणे मुठीत घेतले. व्रताची कहाणी ऐकताना अक्षता धरून बसावं, तशा त्या मूठ मिटून बसल्या.

क्लेटनने पेपर उघडला.

"‘आई पायरीवर उभी होती. दगडासारखी. तिच्या ओठांतून एक शब्द फुटला नाही. तिच्या मौनाने सारी गल्ली भरून गेली.’"

वाचताना त्याचा आवाज आपोआप भरून आला. वाक्यं सुरेख होती. ते त्यालाही ठाऊक होतं.

"सुरेख," बाई म्हणाल्या. मूठ मात्र तशीच.

"आणि व्हर्ना खरंच गप्प होती?"

क्लेटन बुटाच्या टोकाने पायरीवरची धूळ सारू लागला.

"सांग ना रे. जीभ आहे ना तोंडात?"

"नाही बाई. ओरडत होत्या. ‘त्याचं काळीज जन्मापासून अधू आहे, उठा त्याच्यावरून, अरे उठा!’ शेजाऱ्यांनी सांगितलं होतं मला."

"मग ते कुठे गेलं?"

"तुमच्या पुस्तकातली आई माझ्या डोळ्यांसमोर होती. एक शब्द न बोलता उभी. त्यापुढे हे ओरडणं मला... ओबडधोबड वाटलं. वाटलं, दुःखाची शोभा जाईल."

"शोभा!" बाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की कुंपणावरचा पक्षी उडाला. "लग्नाचा मांडव होता का रे तिच्या दारात?"

क्लेटनने मान खाली घातली.

"उद्या चौकशी आहे," तो हळूच म्हणाला. "पोलिसांचं म्हणणं, मुलाच्या काळजाचं आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आई तर गप्प उभी होती, असं तुमच्याच वस्तीतल्या माणसाने लिहिलंय, म्हणतात. माझी बातमी त्यांच्या वकिलाने पुढे केलीय."

त्याने पेपरची घडी घातली.

"मी चुकलो असं छापलं, तर उद्यापासून माझ्या एकाही ओळीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण तुमचा शब्द सगळे मानतात. तुम्ही एवढंच सांगा ना त्यांना, की लेखक असंच लिहितो. शेवटी ते शब्द तुमच्याकडूनच आलेत."

"वर ये," बाई म्हणाल्या.

तो पायऱ्या चढून आला. बाईंनी मोकळा हात पुढे केला. उताणा.

त्याला वाटलं, पेपर हवाय. त्याने पेपर ठेवला. बाईंनी तो बाजूला सारला, हात पुन्हा पुढे केला.

"काय देऊ, बाई?"

"भाऊ गेला त्या दिवशी माझी आई खरंच बोलली नव्हती रे. बोलायला तिच्यात काही उरलंच नव्हतं. ते मौन तिचं आहे. माझ्याजवळ आईचं दुसरं काही नाही." "ते मला परत दे."

क्लेटन तिथेच, शेंगांच्या टोपल्यांजवळ, फरशीवर बसला.

त्याने खिशातलं पेन काढलं. पेपरच्याच कोऱ्या कडेला लिहू लागला. एकदाही खोडलं नाही, एकदाही थांबला नाही. मग पुटपुटत वाचलं.

"मी चुकीचं लिहिलं. जोएलची आई गप्प नव्हती. ती ओरडत होती, त्याचं काळीज अधू आहे, उठा त्याच्यावरून. शेजाऱ्यांनी ते ऐकलं. पोलिसांनाही ते ऐकू गेलं असणार. मी ते गाळलं."

खाली त्याने आपलं नाव लिहिलं होतं. तेही वाचलं.

बाईंनी मूठ उघडली. दाणे परातीत पडले.

"हे काही सुरेख नाही झालं, बाई." त्याचे डोळे वाहत होते. "उद्या सकाळच्या अंकात देतो. आता... आता ठीक आहे का?"

बाईंनी पुढची शेंग हातात घेतली.

"जरा मोठ्यानं वाच पोरा. व्हर्नाचं घर इथून लांब आहे."