नडगीतली कळ

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात रायबा नावाचा जासूद होता. राजाचे निरोप तो पायी पळत गडोगडी पोहोचवायचा. आता त्याचं वय झालं होतं. तरण्या पोरांच्या शर्यतीत जो पहिला येईल, त्याला रायबाची जागा मिळणार होती. रायबाला मुलगा नव्हता. चौदा वर्षांची लेक हौसा होती आणि तिच्या बरोबरीनं पळणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

त्यानं तिलाच शर्यतीत उतरवायचं ठरवलं. शर्यत जवळ आली तशी रायबा तिला रोज खडकाळ चढणीवर पळवू लागला. हौसाच्या नडगीत कळ येऊ लागली. आधी पळून झाल्यावर दुखे, मग पळताना, मग नुसतं चाललं तरी. तिनं बापाला सांगितलं. त्यानं कढत तेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढणीवर नेलं.

बायकोनं हट्टच धरला, तेव्हा तो लेकीला हाडवैद्य म्हातारीकडे घेऊन गेला. म्हातारी नडगीवरून बोट दाबत गेली. एका जागी हौसानं श्वास रोखला.

"वाढतं हाड आहे, रायबा. बारीक चीर जायला लागलीय. आत्ता थांबलास तर आपोआप भरून येईल. पळवलीस तर मोडेल."

रायबानं औषध विचारलं. म्हातारी म्हणाली, विसावा. बरी झाली तरी आधी अंग मोकळं करून मगच पळू दे, तेही मातीवर, आणि मधूनमधून पायांना सुट्टी दे. काढा दिला असता तर रायबानं तो नेमानं पाजला असता. विसावा हे औषध काही त्याला पटेना.

वाटेत तो लेकीला म्हणाला, "तुझ्या वयात मी काटा मोडलेल्या पायानं पळत होतो. नाटकं पुरे झाली."

त्यानंतर हौसानं पायाचं नाव काढलं नाही. रायबाला वाटलं, दुखणं गेलं.

शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या उतारावर वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि ती कोसळली. रायबा धावत गेला. ती रडत नव्हती. बापाला पाहून एवढंच म्हणाली, "आबा, मी नाटक करत नाही."

म्हातारीनं फळ्या बांधल्या, पण हाड जुळलं ते वाकडंच. हौसा चालायला लागली. पळणं मात्र कायमचं संपलं.

आता रायबा तिला रोज विचारी, "दुखतं का गं?" ती म्हणे, "नाही, आबा." एकदा चुलीपुढेच ती भोवळ येऊन पडली, तेव्हा कळलं की कित्येक दिवस ती ताप अंगावर काढत होती. रायबानं कळवळून विचारलं, का नाही सांगितलंस? हौसानं त्याच्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.

मरेपर्यंत तो विचारत राहिला. उत्तर कधी बदललं नाही, आणि ते खरं की खोटं हे त्याला कधी कळलं नाही.

म्हणून ध्यानात ठेवावं: लेकराच्या दुखण्याला जो नाटक म्हणतो, त्याला पुढे लेकरू आपलं कुठलंच दुखणं सांगत नाही.