पांड्याचा पूल

माणसाला अजून जहाज बांधता येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. चीनमधला लिन नावाचा पांडा बांबूच्या तराफ्यावर बसून आफ्रिकेत उतरला. तिथे मगरींच्या भीतीने हत्तींचा कळप पिल्लांसकट नदीकाठी अडला होता. पलीकडे हिरवंगार गवत होतं आणि अलीकडे नुसती धूळ.

"पूल मी बांधतो. बदल्यात मला गोरखचिंचेची फळं द्या," लिन म्हणाला. सौदा ठरला.

बघता बघता बांबूचा पूल उभा राहिला. लिनने त्यावर नाचून दाखवलं, वर एक कोलांटउडीही मारली. "बघा, हलतसुद्धा नाही! आणा फळं."

पण नव्या वाटेवर पहिलं पाऊल म्हातारीने टाकायचं, अशी हत्तींची रीत. मकेना आजी पुढे आली. तिने सोंडेने एक बांबू दाबला. तो करकरला.

"छान झालाय हो," आजी गोड आवाजात म्हणाली. "पण पाहुणे, बांधणाऱ्याचा मान मोठा. तुम्ही मधोमध उभे राहा, मी आलेच."

लिनने खाली पाहिलं. मगरींनी आशेने जबडे उघडले.

"थांबा, आजी, थांबा!" तो ओरडला. आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्याने विचारलं, "तुमचं वजन किती असेल हो?"