अकरा महिन्यांचं घर

"अख्ख्या पुण्यात माझ्याइतका स्वस्त घरमालक मिळायचा नाही," असं आबासाहेब केंजळे छाती फुगवून सांगायचे आणि मग स्वतःच खिदळायचे, "म्हणजे मी स्वस्त, खोली नव्हे!"

नंदुरबारहून नर्सच्या नोकरीला आलेली रोशनी वळवी दहा घरं पालथी घालून त्यांच्या दारी पोचली. उद्यापासून ड्यूटी होती आणि भाडं निम्म्या पगाराच्या वर.

"आबा, थोडं कमी करा ना."

"कमी केलं तर तू इथंच मुळं धरशील, पोरी! या घरात अकरा महिन्यांच्या वर कुणी टिकत नसतं!" ऐंशीचे आबासाहेब झोपाळ्यावरून गरजले.

रोशनीने त्या मोठ्या, रिकाम्या घरावर नजर फिरवली.

"घरात बसून असं बोलू नये, आबा. वास्तू तथास्तु म्हणत असते, आणि इथं राहणारे सध्या तुम्ही एकटेच आहात."